तीन वर्षं की पाच? लग्न, ग्रीन कार्ड आणि शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलापासून करतो. कारण या वेळी विषय मी शोधला नाही, विषयच माझ्याकडे चालत आला.

मी सांगलीजवळच्या एका गावातला. बीटेक करून एमएससाठी अमेरिकेत आलो आणि आता न्यू जर्सीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बायको इथेच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक. आमचं लग्न २०२१ मध्ये झालं आणि मला ग्रीन कार्ड मिळालं ऑगस्ट २०२३ मध्ये. आता अमेरिकेचा नियम असा आहे: ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं थांबायचं, मग नागरिकत्वाचा अर्ज. पण नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि तुम्ही एकत्र नांदत असाल, तर तीनच वर्षं. अर्ज मुदतीच्या ९० दिवस आधी भरता येतो. म्हणजे माझी खिडकी २०२६ च्या मे महिन्यात उघडते.

उघडते, ठीक आहे. पण लगेच आत शिरायचं का?

यावर घरात तीन मतं. सासूबाईंचं मत, पहिल्याच दिवशी अर्ज टाक, नियम कधी बदलतील सांगता येत नाही. ऑफिसातल्या एका मित्राचं मत, पाच वर्षं थांब. तीन वर्षांच्या वाटेने गेलास तर संसाराचे पुरावे द्यावे लागतात, घरभाड्याचा करार, जॉइंट खातं, टॅक्सचे कागद. पाच वर्षांनी तू एकट्याच्या बळावर अर्ज करशील, लग्नाचा संबंधच नाही. आणि तिसरं मत गावाहून, व्हिडिओ कॉलवर. आण्णा म्हणाले, “कशाला घाई करतोस? कागद कुठं पळून जातोय व्हय? आणि रानाचं काय मग?”

रान म्हणजे आमची शेती. आण्णांना वाटत होतं, पोरगा अमेरिकन झाला की सातबाऱ्यावरून त्याचं नाव कायमचं गेलं.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “अरे, तुझा पासपोर्ट आहे. मी कसं सांगू?”

हे तिचं वाक्य मला त्या दिवशी अगदी साधं वाटलं. मग मी, सवयीप्रमाणे, हा तीन वर्षांचा नियम आला कुठून ते वाचायला बसलो. आणि कळलं की ‘तुझा पासपोर्ट आहे’ हे वाक्य अमेरिकेतल्या बायकोला नवऱ्याशी बोलताना सहज म्हणता यावं, यासाठी बरंच काही घडावं लागलंय.

नवरा जिकडचा, बायको तिकडची

आधी पाच वर्षांचं बघू. १७९० मध्ये अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. अट होती दोन वर्षं राहण्याची, आणि अर्ज करणारा ‘मुक्त गोरा माणूस’ असण्याची. १७९५ मध्ये दोनाची पाच वर्षं झाली, १७९८ मध्ये एकदम चौदा, आणि १८०२ मध्ये परत पाच. तेव्हापासून पाच हा आकडा टिकून आहे. त्या ‘गोरा’ शब्दाकडे लक्ष ठेवा, तो पुढे येणार आहे.

लग्नाचा संबंध आला १८५५ मध्ये. परदेशी बाईने अमेरिकन पुरुषाशी लग्न केलं की ती आपोआप अमेरिकन. अर्ज नाही, मुदत नाही, परीक्षा नाही. ऐकायला छान वाटतं ना? पण याच विचाराची दुसरी बाजू १९०७ च्या कायद्यात आली. अमेरिकन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं, की तिचं अमेरिकन नागरिकत्व गेलं. जन्म इथला, आईबाप इथले, ती देश सोडून कुठे गेलेलीही नाही, तरी गेलं. उलट अमेरिकन पुरुषाने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्याचं काहीच जात नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या एथेल मॅकेन्झी यांनी १९०९ मध्ये गॉर्डन मॅकेन्झी नावाच्या ब्रिटिश गायकाशी लग्न केलं. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. १९१३ मध्ये एथेल सॅन फ्रान्सिस्कोत मतदार नोंदणीला गेल्या, तर उत्तर मिळालं की तुम्ही आता अमेरिकन नाही. नवऱ्याने नागरिकत्व घेतलं तर तुम्हालाही मत देता येईल. म्हणजे बाईंच्या स्वतःच्या मताची चावी नवऱ्याच्या अर्जात! त्या कोर्टात गेल्या. १९१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की परिणाम माहीत असताना तुम्ही स्वखुशीने लग्न केलंत, म्हणजे नागरिकत्वही स्वखुशीने सोडलंत.

१९२० मध्ये देशभर बायकांना मताधिकार मिळाल्यावर हे टिकणं अवघड होतं. १९२२ मध्ये केबल कायदा आला. आता परदेशी बायको आपोआप अमेरिकन होणार नाही, तिने स्वतःचा अर्ज करायचा. मात्र तिला पाच वर्षांऐवजी एकच वर्ष राहण्याची अट. आणि अमेरिकन बाईचं नागरिकत्व परदेशी नवऱ्यामुळे सहसा जाणार नाही.

‘सहसा’ म्हटलं, कारण कायद्यात एक अपवाद ठेवला होता. नवरा जर ‘नागरिक होण्यास अपात्र’ परदेशी असेल, तर बाईचं नागरिकत्व जाणारच. अपात्र म्हणजे कोण? तर १७९० च्या त्या ‘गोरा’ शब्दात न बसणारा, मुख्यतः आशियातला माणूस.

मग हिंदुस्थानी माणूस कुठे बसतो?

एका निकालाने बदललेली घरं

यावर आधी गोंधळ होता. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांच्या बाजूने न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९१० मध्ये निकाल दिला होता. पुढच्या काळात काही हिंदुस्थानी लोकांना वेगवेगळ्या कोर्टांतून नागरिकत्व मिळालं. एक न्यायाधीश देई, दुसरा नाकारी. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच इनपुटला प्रत्येक सर्व्हरवर वेगळं आउटपुट.

भगतसिंग थिंद पंजाबातून आलेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. १९१८ मध्ये लष्करी गणवेशात असताना त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. १९२० मध्ये ओरेगनच्या कोर्टाने पुन्हा दिलं. सरकार वर गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद होता की त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी लोक ‘कॉकेशियन’ गटात येतात. हा युक्तिवाद आज वाचताना आपल्यालाही अवघडल्यासारखं होतं, कारण त्यात उच्च जातीचा अभिमान मिसळलेला आहे. कोर्ट म्हणालं, शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि हिंदुस्थानी माणूस त्यात नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते.

हे इथेच थांबलं नाही. सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करायला घेतली. पुढच्या काही वर्षांत चाळीसहून अधिक हिंदुस्थानी लोकांची कागदपत्रं रद्द झाली.

वैष्णोदास बगाई त्यांतले एक. पेशावरहून १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत आले. दुकान काढलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियात ‘अपात्र’ परदेशी माणसाला जमीनजुमल्याची मालकी ठेवता येत नसे, त्यामुळे मालमत्ता आणि धंदाही अडचणीत आला. भारतात यायला निघाले तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना, आणि ब्रिटिश प्रजा म्हणून परत जायला मन तयार नव्हतं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. कला बगाई यांनी मुलांना शिकवलं, आणि पुढे कायदा बदलल्यावर त्या स्वतः अमेरिकन नागरिक झाल्या. २०२० मध्ये बर्कली शहराने एका रस्त्याला त्यांचं नाव दिलं.

हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि बायकोला म्हटलं, सासूबाईंचा ‘लवकर अर्ज टाक’ हा सल्लाही पुरा पडत नाही बघ. या माणसाने वेळेत अर्ज केला होता, कागद हातात होता, तरीही गेला.

पंडित आणि गोखले

पण सगळ्यांचा गेला नाही. इथे दोन नावं अशी येतात की मराठी माणूस स्क्रोल करताना थांबतोच.

पहिले सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा. तत्त्वज्ञानावर व्याख्यानं द्यायला अमेरिकेत आले, १९१४ मध्ये नागरिक झाले, मग कॅलिफोर्नियात वकील. सुप्रीम कोर्टात थिंद यांची बाजू मांडणारे वकील हेच. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं. १९२३ चा निकाल हरल्यावर सरकार वकिलाच्याच मागे लागलं.

पंडितांनी स्वतःचा खटला वेगळ्या वाटेने लढवला. मी गोरा आहे की नाही हा वादच त्यांनी मध्यवर्ती ठेवला नाही. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही दिलेल्या कागदावर विश्वास ठेवून मी आयुष्य उभं केलं. भारतातला वारसा सोडला. वकिलीचा परवाना, घर, सगळं त्या कागदावर उभं आहे. आणि माझं नागरिकत्व गेलं तर माझ्या बायकोचंही जाईल, जिने फक्त माझ्याशी लग्न केलं. १९२६ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने धरलेला मुद्दा असा, की १९१४ मध्ये हाच प्रश्न कोर्टासमोर येऊन निकाल लागला होता, तो आता पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला, आणि नागरिकत्व रद्द करण्याची ती मोहीम थंडावली.

दुसरे शंकर लक्ष्मण गोखले, न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर. चुंबकत्वावर शोधनिबंध लिहिणारे. त्यांचाही खटला १९२८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि त्यांचं नागरिकत्व टिकलं. एका कंपनीत नोकरी करणारा, परदेशात कागदपत्रांच्या फेऱ्यात अडकलेला मराठी इंजिनिअर. मला ते अगदी शेजारच्या क्युबिकलमधले वाटले.

बायकांच्या बाजूने बघितलं तर

आता हीच गोष्ट घरातल्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने बघा. थिंद निकालाने प्रत्येक हिंदुस्थानी पुरुष ‘अपात्र’ ठरला, आणि केबल कायद्याप्रमाणे अपात्र माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई नागरिक राहत नव्हती. मेरी कीटिंग यांनी १९२४ मध्ये क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी लग्न केलं आणि त्यांना याचा फटका बसला. बर्कलीतून गणितात पीएचडी केलेले दलीपसिंग सौंद यांच्याशी मेरियन कोसा यांनी १९२८ मध्ये लग्न केलं. अमेरिकेत जन्मलेल्या मेरियन लग्नामुळे अमेरिकन उरल्या नाहीत.

इथे मी खुर्चीत मागे टेकलो. कारण साल बदललं की हे आमचंच घर आहे. नवरा भारतातून आलेला, बायको अमेरिकेत जन्मलेली. आज आमच्या लग्नामुळे मला दोन वर्षांची सूट मिळते. १९२८ मध्ये याच लग्नामुळे मला काही मिळालं नसतंच, वर तिच्याकडे जन्मापासून होतं तेही गेलं असतं.

ते बदललं कसं, तर टप्प्याटप्प्याने. १९३१ मध्ये अपात्र नवऱ्याचा तो अपवाद रद्द झाला, आणि नागरिकत्व गमावलेल्या बायकांना ते परत मिळवण्याची वाट मिळाली. १९३४ मध्ये नवरा आणि बायको दोघांना एकच नियम लागू झाला: नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाने, पुरुष असो वा बाई, तीन वर्षं राहून स्वतःचा अर्ज करायचा. सापडलं! माझी तीन वर्षं इथली आहेत. बायकांचं एक वर्ष वाढून तीन झालं आणि पुरुषांची पाच कमी होऊन तीन झाली. पण भारतीयांना त्याचा उपयोग नव्हता, कारण ‘अपात्र’ हा शिक्का अजून तसाच होता. तो भारतीयांपुरता २ जुलै १९४६ ला पुसला गेला, आणि भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसांचा कोटा ठरला. वंशाची अट पूर्ण गेली १९५२ च्या कायद्यात. तीन आणि पाच वर्षांची आजची कलमं त्याच कायद्यातली.

सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. तिथे पोचलेले ते पहिले आशियाई. १९२३ ते १९४६ ही तेवीस वर्षं मात्र ‘कधी अर्ज करू?’ हा प्रश्नच आपल्या लोकांना विचारता येत नव्हता.

परत टेबलावर

आता माझा निर्णय. आधीच सांगतो, हा कायदेशीर सल्ला नाही. तुमचं प्रकरण घेऊन वकिलाकडेच जा.

पहिलं, आण्णांचं रान. मी नियम वाचून त्यांना फोन केला. अमेरिकन नागरिक होऊन ओसीआय कार्ड घेतलं तर मला भारतात शेतजमीन विकत घेता येणार नाही, हे खरं. पण परदेशी राहणारा एनआरआय म्हणून ती मला आजही विकत घेता येत नाही! आणि वारसा हक्काने आलेली जमीन दोन्ही स्थितींत ठेवता येते. आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे तू तसाबी परकाच की रं आता.” हसत म्हणाले, पण मला काही हसता आलं नाही.

दुसरं, मत. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. ओसीआय कार्डावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मतदान नाही. २०१९ मध्ये गावच्या शाळेत रांगेत उभं राहून मी पहिल्यांदा मत दिलं होतं. ते पुन्हा होणार नाही. या तोट्यावर मला काही उपाय सापडलेला नाही, आणि मी तो सापडल्याचं सोंगही करणार नाही.

तिसरं, आणि माझ्यासाठी हेच ठरवणारं निघालं. गेल्या वर्षी आण्णांची बायपास झाली तेव्हा मी १४७ दिवस गावी होतो. परतल्यावर एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून दिवस मोजले. तीन वर्षांच्या वाटेला निदान अठरा महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं, तो हिशेब बसतोय. पण एका फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलो तर सलग वास्तव्यावर प्रश्न येतो, आणि वर्षभर राहिलो तर घड्याळच तुटतं. म्हणजे ग्रीन कार्डवर असेपर्यंत मला आण्णांजवळ बसूनही कॅलेंडर बघत राहावं लागणार. शेवटचे काही आठवडे मी तेच करत होतो. ते झोपले की मोबाइलवर दिवस मोजायचो, आणि त्याची मला लाज वाटायची. नागरिकत्व आणि ओसीआय दोन्ही हातात असेल, तर गरज पडल्यावर मी गावी वर्षभरसुद्धा राहू शकतो. परदेशी कागद घेतला की घरी जास्त राहता येईल, हे मला आधी उलटंच वाटलं होतं.

आणि पाच वर्षं थांबणाऱ्या मित्राचं? ‘एकट्याच्या बळावर’ हा त्याचा मुद्दा मला सुरुवातीला आवडला होता. पण हा इतिहास वाचल्यावर वाटलं, तीन वर्षांची वाट ही बायकोच्या मेहेरबानीची वाट नाहीच. अर्ज माझा, परीक्षा माझी, शपथ माझी. तिचं नागरिकत्व माझ्यामुळे जात नाही आणि माझं तिच्यामुळे आपोआप येत नाही. लग्नाला मान आहे, पण माणसं दोन आहेत. एथेल मॅकेन्झी कोर्टात हरल्या त्या एवढ्याच गोष्टीसाठी.

तर ठरलं. मे महिन्यात अर्ज. सासूबाईंसारखा घाबरून नव्हे, कारण भीतीवर कागद हा पक्का इलाज नाही, हे बगाईंच्या घराने दाखवलंय. आण्णांची तब्येत बघून मी ही वेळ ठरवली. काल त्यांना सांगितलं. म्हणाले, “बघ बाबा. पर येताना दोन म्हैन्याचं तिकीट काढून यीऊ नको आता.”

तुमच्यापैकी कुणी याच उंबऱ्यावर उभं असेल तर दिवस जरूर मोजा, पण कशासाठी मोजताय ते आधी एका कागदावर लिहा. आणि घरात दुसरं माणूस ‘तुझा पासपोर्ट आहे’ म्हणालं, तर ते सोपं वाक्य नाही हे लक्षात ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि घरी फोन करा.